उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्र : आशय, मर्यादा आणि पुढील वाटा
(विशेष संदर्भ : गडचिरोली जिल्हा)

गोषवारा

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात 'संगणक' या एकाच नावाखाली भिन्न हेतूंचे अनेक अभ्यासक्रम चालत आले आहेत. त्यांपैकी संगणक वापरण्याचे कौशल्य देणारे अभ्यासक्रम दूरवर पोहोचले. संगणकाचे शास्त्र शिकविणारा विषय मात्र मोजक्या कनिष्ठ महाविद्यालयांपुरता राहिला. प्रस्तुत लेखात उच्च माध्यमिक स्तरावरील द्विलक्षी 'संगणकशास्त्र' या विषयाच्या आशयाची चिकित्सा केली असून, गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा विषय कोठवर नेऊ शकतो याचा विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : संगणकशास्त्र, संगणक साक्षरता, द्विलक्षी अभ्यासक्रम, गडचिरोली, अध्यापनाची भाषा.

प्रास्ताविक

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ असून त्यांपैकी सुमारे ३८.७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्याच जनगणनेत राज्याचे साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के, तर गडचिरोलीचे ७४.३६ टक्के नोंदले गेले. जिल्ह्याचे मुख्यालय आणि दक्षिण टोकाचे सिरोंचा यांत सुमारे २०० किलोमीटरचे अंतर आहे. दहावीनंतर कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न शहरातील विद्यार्थ्याच्या बाबतीत आवडीचा असतो. येथे तो बहुधा जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणता विषय उपलब्ध आहे, यावर ठरतो. म्हणून एखाद्या विषयाच्या आशयाची चिकित्सा येथे निव्वळ शैक्षणिक राहत नाही. चुकीच्या विषयनिवडीची भरपाई करण्याची संधी या विद्यार्थ्याला सहसा पुन्हा मिळत नाही.

एक नाव, अनेक अभ्यासक्रम

भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा शासकीय प्रयत्न १९८४-८५ मधील 'क्लास' या प्रकल्पाने झाला. त्यानंतर डिसेंबर २००४ मध्ये केंद्र शासनाने शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना सुरू केली व २०१० मध्ये तिच्यात सुधारणा केली. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर ठरावीक वर्षांच्या कराराने संगणककक्ष उभारण्याची पद्धत याच योजनेतून रूढ झाली. या पद्धतीत यंत्रे शाळेच्या मालकीची होतात. पण करार संपल्यावर शिकविणारा निदेशक शाळेत राहीलच, याची शाश्वती नसते. यंत्र हस्तांतरित होते, अध्यापन हस्तांतरित होत नाही, ही या योजनेची मूलभूत उणीव होय.

राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या योजनेत माहिती संप्रेषण तंत्रज्ञान हा विषय दीर्घकाळ श्रेणीसाठी होता. ज्या विषयाच्या गुणांनी टक्केवारी बदलत नाही, त्या विषयाच्या तासिका गणित व इंग्रजीच्या वाट्याला जातात, हा सर्वपरिचित अनुभव आहे. दुसरीकडे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची २००१ मध्ये स्थापना झाली आणि पुढील वर्षी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय सेवेसाठी आवश्यक संगणक अर्हतेत त्याला मान्यता मिळाल्याने तालुक्याच्या गावी त्याची केंद्रे निघाली. ग्रामीण पालकांच्या मनात 'पोराने कॉम्प्युटर केला' याचा अर्थ बहुतेक वेळा एमएस-सीआयटी उत्तीर्ण झाला, एवढाच असतो. संगणकाची भीती घालविण्याचे मोठे काम या अभ्यासक्रमाने केले, हे मान्य करायला हवे. तथापि, तो साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. तयार कार्यप्रणाली वापरता येणे आणि ती कशी रचली जाते हे कळणे, या दोन निराळ्या पायऱ्या होत.

अकरावी-बारावीत पुन्हा दोन विषय समोर येतात. 'माहिती तंत्रज्ञान' हा १०० गुणांचा ऐच्छिक विषय कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांना घेता येतो. त्याची ८० गुणांची परीक्षा ऑनलाइन व २० गुणांची प्रात्यक्षिक असते. 'संगणकशास्त्र' हा द्विलक्षी विषय मात्र २०० गुणांचा असून विज्ञान शाखेचा विद्यार्थी तो द्वितीय भाषा व जीवशास्त्रासारखा एक ऐच्छिक विषय सोडून घेतो. या दोहोंतील फरक कित्येकदा विद्यार्थ्यालाच नव्हे, तर प्रवेश देणाऱ्या कार्यालयालाही स्पष्ट नसतो.

संगणकशास्त्राच्या आशयाची चिकित्सा

द्विलक्षी संगणकशास्त्राच्या दीर्घकाळ चालत आलेल्या अभ्यासक्रमात दोन प्रश्नपत्रिका आहेत. पहिलीत कार्यप्रणाली, विदासंरचना, सी प्लस प्लस ही भाषा व एचटीएमएल. दुसरीत ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक, त्याचा आज्ञासंच व त्यातील प्रोग्रॅम, एक्स-८६ कुल, सूक्ष्मनियंत्रक आणि संगणकजाल. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत लेखी ५० व प्रात्यक्षिक ५० अशी गुणविभागणी आहे.

या अभ्यासक्रमावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप तो कालबाह्य असल्याचा आहे. इंटेल कंपनीचा ८०८५ हा १९७० च्या दशकातील प्रक्रियक आजच्या विद्यार्थ्याने का शिकावा, असे विचारले जाते. हा आक्षेप वरवरचा आहे. ८०८५ ची शिकवण एका जुन्या यंत्रापुरती नाही. स्मृतीतील पत्ता म्हणजे काय, संचयकात संख्या कशी येते, बेरजेतून हातचा उरल्यास ध्वजबिट कसे बदलते, उडीची आज्ञा दिल्यावर प्रोग्रॅमचा क्रम कसा मोडतो, या गोष्टी त्यात हाताने करून पाहता येतात. आठ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करून उत्तर ठरावीक पत्त्यावर ठेवणारा दहा-बारा आज्ञांचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला, त्याला संगणक हे जादूचे खोके उरत नाही. आजचे प्रक्रियक कितीतरी गुंतागुंतीचे असले, तरी आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे व ती पार पाडणे हा क्रम त्यांतही आहे. विदासंरचनेबद्दलही हेच म्हणता येते. द्विभाजन शोध, बुडबुडा क्रमवारी, रांग, चळत, जोडयादी व द्विशाखी वृक्ष या कल्पना भाषा बदलली तरी बदलत नाहीत.

खरा दोष आहे तो सी प्लस प्लसच्या अध्यापनात. या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. त्याआधीची 'आयओस्ट्रीम डॉट एच' ही शीर्षधारिका, 'व्हॉइड मेन' अशी सुरुवात आणि 'क्लिअर स्क्रीन'ची आज्ञा ही १९९० च्या सुमारास आलेल्या टर्बो संकलकाची वैशिष्ट्ये होती. अनेक वर्षे विद्यार्थी हीच रूपे पाठ करीत आले. असा विद्यार्थी पदवी महाविद्यालयात नव्या संकलकासमोर बसतो, तेव्हा त्याचा पूर्ण गुण मिळालेला प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडतो. दोष शीर्षधारिकेच्या एका ओळीचा असतो. विद्यार्थी मात्र आपल्याला हा विषय आलाच नाही असे समजतो. ८०८५ जुना असूनही खोटा नाही; प्रमाणीकरणपूर्व सी प्लस प्लस मात्र चालू भाषा म्हणून शिकविले गेले. जुने शिकविणे आणि चुकीचे शिकविणे यांत भेद करायला हवा.

दुसरा दोष मूल्यमापनाचा. निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असणे तत्त्वतः योग्य आहे. पण ठरावीक प्रोग्रॅमची यादी आधीच हाती असली, म्हणजे प्रात्यक्षिकाचे रूपांतर पाठांतरात होते. परिणामी 'गुण मिळवून देणारा विषय' अशी त्याची ख्याती होते आणि शास्त्र मागे पडते. यादीबाहेरचा, परंतु त्याच तत्त्वावरचा एक छोटा प्रश्न प्रात्यक्षिकात अनिवार्य केला, तर हा दोष फारशा खर्चावाचून दूर होऊ शकतो.

गडचिरोलीचा संदर्भ

या जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, माडिया, छत्तीसगडी, सिरोंचा भागात तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेरा परिसरात बंगाली बोलली जाते. भामरागड तालुक्यातील माडिया विद्यार्थी घरी एक भाषा बोलतो, आश्रमशाळेत मराठीतून शिकतो आणि विज्ञान शाखेत आल्यावर त्याला एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागते. संगणकशास्त्राच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे, कारण विषयाची परिभाषाही इंग्रजी आणि प्रोग्रॅमच्या आज्ञाही इंग्रजी. तरीही येथे एक अनुकूल बाब दुर्लक्षित राहते. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत राखीव शब्द मोजके असतात व त्यांचा अर्थ संदर्भाने बदलत नाही. निबंधाच्या इंग्रजीत मागे राहणारा विद्यार्थी 'जर-तर' आणि 'तोवर' यांचे तर्कशास्त्र मराठीतून समजून घेऊन आज्ञा इंग्रजीत लिहू शकतो. स्पष्टीकरण मराठीतून व आज्ञा मूळ रूपात, अशी अध्यापनपद्धती या विषयाला विशेष साजेशी आहे. अच्युत गोडबोले यांच्यासारख्या लेखकांनी संगणकविषयक लेखन मराठीत करता येते हे दाखवून दिले आहे. उणीव आहे ती अभ्यासक्रमाला धरून लिहिलेल्या मराठी साहाय्यक पुस्तकांची.

पायाभूत सोयींचाही मुद्दा असाच उलट बाजूने पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पाला २०११ मध्ये मान्यता मिळाली. पण फायबर गावाच्या वेशीपर्यंत येणे आणि ते वर्गात अखंड चालणे या दोन गोष्टी आहेत. ऑनलाइन परीक्षा व जालावरील सामग्री यांवर अवलंबून असलेला विषय अशा ठिकाणी वारंवार खोळंबतो. याउलट विदासंरचना, प्रोग्रॅमिंग किंवा ८०८५ ची प्रात्यक्षिके यांना आंतरजालाची गरज नाही. जुना संगणक, मोफत मिळणारा संकलक आणि नियमित वीज एवढ्यावर संगणकशास्त्र शिकविता येते. ज्या विषयाला दुर्गम भागासाठी 'जड' समजून वगळले जाते, तोच तेथे अधिक सुलभपणे चालू शकतो, ही विसंगती धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यायला हवी. अडसर यंत्रांपेक्षा स्थायी शिक्षकाचा आहे.

पुढील वाटा

या विषयाच्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने चार वाटा दिसतात. पहिली अभियांत्रिकीची. चंद्रपूर येथे १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. परंतु राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचेच प्रश्न असतात. दोन वर्षे शिकलेल्या संगणकशास्त्राला तेथे स्थान नाही. शिवाय प्रथम वर्षात प्रोग्रॅमिंग पुन्हा आरंभापासून शिकविले जाते. शालेय व उच्च शिक्षणातील या तुटलेपणामुळे विषयाचे श्रेय वाया जाते. दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षास जाता येते. खर्च, वयोमर्यादा आणि लवकर नोकरी यांचा विचार करता अनेक कुटुंबांना ही वाट अधिक परवडणारी आहे. दहावीच्या वर्गात ती नीट सांगितली जात नाही, एवढेच.

तिसरी वाट पदवीची. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे येतात. विज्ञान पदवीत गणिताबरोबर संगणकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे एम.सी.ए. वा एम.एस्सी. करता येते. मात्र २०२४-२५ पासून बी.सी.ए. हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. ऑनलाइन अर्ज, शुल्क व दूरचे परीक्षाकेंद्र यांची माहिती वेळेवर न पोहोचल्यास दुर्गम भागातील विद्यार्थी गुणवत्तेने नव्हे, तर तारखेने बाद होतो. कनिष्ठ महाविद्यालयांनी ही माहिती बारावीच्या प्रथम सत्रातच देणे अगत्याचे आहे.

चौथी वाट क्वचितच सांगितली जाते. ती जिल्ह्यातच राहणाऱ्यांची आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले व त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी हे हक्क मिळविले. सीमांचे नकाशे, बांबू व तेंदूपानांचे हिशेब, मजुरीच्या नोंदी ही कामे आता ग्रामसभांनाच सांभाळायची आहेत. तयार तक्ता भरणारा आणि नोंदींची रचना स्वतः ठरविणारा यांतील फरक येथे थेट व्यवहारात दिसतो. दुसरे क्षेत्र भाषेचे. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये व गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण संकेतांक मिळाल्याने भाषा संगणकावर नांदू लागत नाही; कळफलक, शब्दकोश, शुद्धलेखन तपासणी ही कामे ती भाषा जाणणाऱ्या व संगणकशास्त्र शिकलेल्या माणसांनीच करावी लागतात. अशी माणसे बाहेरून आणता येत नाहीत.

समारोप

या विषयाला 'नोकरी देणारा' म्हणून पुढे करणे आणि 'कालबाह्य' म्हणून मोडीत काढणे, या दोन्ही भूमिका एकांगी आहेत. वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. संगणक साक्षरता व संगणकशास्त्र यांतील भेद नववीपासूनच विद्यार्थी व पालक यांच्यासमोर स्पष्ट मांडला जावा.

२. संगणकशास्त्रातील ८०८५ व विदासंरचना यांचा गाभा टिकवून, भाषेचा भाग प्रमाणित रूपात शिकविला जावा.

३. प्रात्यक्षिक परीक्षेत यादीबाहेरील किमान एका प्रश्नाचा समावेश व्हावा.

४. दुर्गम तालुक्यांत आंतरजालाची वाट न पाहता हा विषय सुरू करता येतो. त्यासाठी कराराऐवजी स्थायी शिक्षकपद मंजूर होणे ही पूर्वअट आहे.

५. विद्यापीठ क्षेत्रातील महाविद्यालयांनी द्विलक्षी विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांची प्रथम वर्षात स्वतंत्र नोंद घेऊन त्यांना पुढील पातळीचे प्रात्यक्षिक द्यावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावीपासून संगणकीय विचारपद्धती व कोडिंग यांचा पुरस्कार केला आहे. हे धोरण गडचिरोलीत पोहोचेल, तेव्हा ते पुन्हा एखाद्या प्रमाणपत्राच्या रूपात पोहोचते की शास्त्राच्या, हे बऱ्याच अंशी येथील अध्यापकवर्गाच्या आग्रहावर अवलंबून राहील.