ते वाळवंट कुणाचे होते?

आपल्या भागातल्या दोन-तीन पिढ्यांनी इंग्रजी व्याकरण गिरवले ते ‘रेन आणि मार्टिन’च्या जाडजूड पुस्तकावरून. यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी केली आणि काही काळ कराचीच्या हायस्कूलचे मुख्याध्यापकपदही सांभाळले. कराची आणि आपला बेळगाव जिल्हा तेव्हा एकाच इलाख्यात होते. त्या नात्याने हे गृहस्थ आमच्याच खात्यातले! बाहेरच्या जगात मात्र त्यांची ओळख व्याकरणकार अशी नाही. तिथे ते ‘बो जेस्ट’ या १९२४ सालच्या कादंबरीचे लेखक आहेत.

ही कादंबरी मी मॅट्रिकच्या वर्षी एका रात्रीत वाचली. घरातला मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो. चोरीचा आळ स्वतःवर ओढून घेत जेस्ट घराण्यातले तीन भाऊ एकामागून एक घर सोडतात आणि फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे परदेशी शिपायांच्या पलटणीत, नाव बदलून भरती होतात. पुढे सहारातल्या झिंदरनफ किल्ल्याला वेढा पडतो. माणसे कमी पडू लागल्यावर क्रूर अधिकारी लजॉन मेलेल्या शिपायांनाच तटावर बंदुकीसह उभे करतो. हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. बंधुप्रेम, अब्रू, शब्दाला जागणे या साऱ्यासाठी मी हे पुस्तक मुलांना वर्षानुवर्षे सुचवत आलो. मागणी येईल तेव्हा कथा सांगतही आलो.

एकदा नववीच्या वर्गात कथा संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील फौजेत होते. त्याने विचारले, “सर, ते वाळवंट कुणाचं होतं?” मी म्हटले, “तुआरेग लोकांचं.” “मग त्यांच्यातल्या एकाचंही नाव कसं सांगितलं नाहीत?” मी गप्प बसलो. घरी जाऊन पुस्तक पुन्हा चाळले. हल्ला होतो, गोळ्या येतात, वेढा पडतो. पण हल्ला करणाऱ्यांना चेहरा नाही की तक्रार नाही. कर्ता गाळलेले कर्मणी वाक्य असावे तशी सारी लढाई. आणि हे कुणी लिहिले, तर ज्यांच्या पुस्तकावरून आम्ही वाक्यातला कर्ता ओळखायला शिकलो त्यांनी!

कादंबरीने इतिहास शिकवावा असा माझा हट्ट नाही. पण साहसकथेचे सौंदर्य ज्या गोष्टी झाकून उभे राहते, त्या मोजल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही. फॉरेन लीजन १८३१ साली राजा लुई-फिलिपने उभारली आणि फ्रान्सच्या भूमीबाहेर लढण्यासाठीच. तिचे मुख्य ठाणे १९६२ पर्यंत अल्जीरियात होते. करार पाच वर्षांचा. भरती होताना टोपणनाव चालत असे. अब्रूसाठी आलेले उमराव त्यात किती असतील कोण जाणे, पण भूक, बेकारी, निर्वासितपण आणि मोडलेले संसार यांनी ती पलटण भरली.

इंडोचायनाच्या युद्धात (१९४६ ते १९५४) हे लख्ख दिसते. सक्तीने भरती केलेल्या फ्रेंच तरुणांना तिकडे पाठवायचे नाही, असा फ्रान्सचा दंडक होता. मग लढले कोण? स्वेच्छेने आलेले फ्रेंच, मोरोक्कन, अल्जीरियन, पश्चिम आफ्रिकन, खुद्द व्हिएतनामी आणि लीजनचे परदेशी. लीजनमधून ७० हजारांहून अधिक माणसे या युद्धात गेली. १० हजारांहून अधिक परतली नाहीत. त्यांत जर्मनांचा वाटा मोठा होता. महायुद्ध हरलेल्या देशातले, कैद्यांच्या छावणीत उपाशी पडलेले हे तरुण. त्यांच्यातला एखादा मेला तर तार फ्रान्समधल्या कुठल्या खेड्यात जात नसे. परक्याच्या रक्ताने युद्ध चालवण्याची सोय ती हीच.

या जर्मनांवर १९७१ साली जॉर्ज रॉबर्ट एल्फर्डचे ‘डेव्हिल्स गार्ड’ आले. हिटलरच्या एस.एस. दलातला एक माजी अधिकारी इंडोचायनात फक्त जर्मनांची तुकडी चालवतो आणि आपले पराक्रम सांगतो, अशी ही ‘सत्यकथा’. अशा तुकडीला इतिहासात आधार नाही. एस.एस.वाल्यांच्या डाव्या दंडाखाली रक्तगट गोंदलेला असे. भरतीच्या वेळी ती खूण पाहिली जाई. काही जण निसटून आत शिरले, हे खरे. पण त्यावरून आख्खी पलटण रचणे ही लेखकाची करामत. रेन शत्रूचे नाव गाळतात; एल्फर्ड त्याच्या कत्तलीची चव घेतो. पुस्तक वेगाने वाचवते, आणि म्हणूनच ते वाईट आहे. वाचक पाने उलटता उलटता खुनात सामील होतो.

याच्या उलट बर्नार्ड फॉल. व्हिएन्नात जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला, नाझींनी ज्याचे आईबाप मारले असा हा माणूस १९५३ साली संशोधनासाठी व्हिएतनामला गेला. ‘स्ट्रीट विदाउट जॉय’ (१९६१) आणि दिएन बिएन फूच्या वेढ्यावरचे ‘हेल इन अ व्हेरी स्मॉल प्लेस’ ही त्याची पुस्तके. १३ मार्च १९५४ च्या रात्री लीजनने धरलेले ‘बेआत्रीस’ ठाणे पडले. मग अल्जीरियनांचे ‘गाब्रिएल’. ७ मेला सारा तळ. फॉल लीजनच्या शौर्याला मान देतो, पण अल्जीरियन शिपाई विसरत नाही, की सायकलींवर धान्य लादून डोंगर चढणारे व्हिएतनामी हमालही. व्हिएतनामी मनात तो फारसा शिरत नाही, ही त्याची मर्यादा. पण त्याच्या वाक्याला कर्ता असतो. १९६७ साली त्याच रस्त्यावर सुरुंगाच्या स्फोटात तो मेला.

आणि एक चौथे पुस्तक. एर्न्स्ट फ्राय हा व्हिएन्नाचा ज्यू, साम्यवादी. नाझींपासून पळून तो लीजनमध्ये शिरला, इंडोचायनात पोहोचला आणि तिथे त्याने बाजू बदलली; हो चि मिन्हच्या सैन्यात कर्नल झाला. त्याच्या आठवणी २००१ साली जर्मनमध्ये निघाल्या; मला त्यांची ओळख इतिहासकारांच्या लेखनातून झाली. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न या शिपायाने स्वतःला विचारला होता आणि उत्तराप्रमाणे तो वागला होता.

हे सारे दूरचे म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये सायगावात फ्रेंचांचा पुन्हा जम बसवायला ब्रिटिशांनी नेली ती विसावी भारतीय डिव्हिजन. तिच्यातले शिपाईही स्वेच्छेनेच भरती झालेले, आणि ती भूमीही त्यांची नव्हती. आपल्याकडे घरटी एखादी वर्दी खुंटीला असते. भरतीच्या दिवशी पोरगा पहाटे का धावतो, हे त्या घरातल्या आईला पक्के ठाऊक असते. तिला नीलमण्याची गोष्ट सांगावी लागत नाही. शिपायाची निंदा मला करायची नाही. पोटासाठी गेलेल्या माणसाला अब्रूचे कपडे चढवून आपण त्याचा आणि तो ज्यांच्यावर गोळी झाडतो त्यांचा, असा दोघांचाही इतिहास पुसतो, एवढेच म्हणायचे आहे.

‘बो जेस्ट’ मी कपाटातून काढलेले नाही. मुले अजून मागतात, मी देतो. फक्त परत करताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो. तो माझा नाही, मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा आहे.