महमूद मुख्तार आणि ब्राँझमधला साद

पुतळ्याचे नाव काढले की आपल्या समाजात चर्चा एकाच प्रश्नावर थांबते: जायज की नाजायज? पुतळा चांगला झाला आहे की वाईट, हे बघायची पाळीच येत नाही. इजिप्तचा शिल्पकार महमूद मुख्तार (१८९१-१९३४) याच्याबद्दल आम्हांला हा दुसरा प्रश्न विचारायचा आहे.

पहिला प्रश्न मुख्तारलाही चुकला नव्हता. पण त्याच्या आधी मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी 'अल-मनार'मधून त्यावर आपले मत मांडले होते. पूजेचा हेतू नसेल तर चित्र-मूर्ती ही ज्ञान जतन करण्याची साधने आहेत, अरबांनी शायरी जपली तशीच ही गोष्ट आहे, असा त्यांचा रोख. तो सर्वांना पटला नाही, आजही पटत नाही. तरी १९०८ साली कैरोत शाहजादा युसूफ कमाल यांनी कलाशाळा काढली आणि खेड्यातून आलेला मुख्तार तिथे दाखल झाला. (आमच्या उर्दू शाळेतली मुले एलिमेंटरीला बसतात. स्मरणचित्रात माणूस काढायची वेळ आली की आधी आमच्या तोंडाकडे बघतात!)

१९११ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथल्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयातही त्याने काम केले. हुबेहूब चेहरा घडवणे त्याला जमत होते, पण त्याला पुरत नव्हते. 'नहजत मिस्र'मध्ये उठू पाहणारा स्फिंक्स आहे आणि शेजारी चेहऱ्यावरचा पडदा बाजूला सारणारी शेतकरीण. लोकवर्गणी, सरकारी दिरंगाई असे सगळे होऊन ते ग्रॅनाइट शिल्प १९२८ मध्ये कैरो स्टेशनसमोर उभे राहिले. १९५५ मध्ये विद्यापीठासमोर हलवले गेले.

साद झगलूलचे ब्राँझचे पुतळे त्यानंतरचे. साद अल-अझहरमध्ये शिकलेला, अब्दुह यांचाच शागिर्द. १९२७ मध्ये तो वारला. कैरो आणि अलेक्झांड्रिया येथील त्याच्या पुतळ्यांचे अनावरण १९३८ मध्ये झाले, तेव्हा मुख्तारला जाऊन चार वर्षे झाली होती.

छायाचित्रांवरून बोलायचे तर कैरोचा साद आम्हांला थोडा दूरचा वाटतो. तुर्की टोपी, लांब कोट, पुढे उचललेला हात, सारे ठसठशीत आहे. पण चौथरा इतका उंच की माणूस हरवतो आणि नेता तेवढा उरतो. अलेक्झांड्रियाचा साद मात्र चालतो आहे. पाऊल पुढे पडलेले, आणि खाली चौथऱ्याशी वरच्या व खालच्या इजिप्तच्या दोन बैठ्या स्त्रिया. आमची नजर त्या स्त्रियांवरच ठरते. मुख्तारला पुढाऱ्यापेक्षा फल्लाहीन बायका अधिक कळत होत्या. घागर उचलणारी, वाऱ्यात ओढणी सावरणारी बाई घडवताना तो कापडाच्या चुण्या मोजत बसत नाही. एक मोठी वळणदार रेघ घेतो आणि सगळे अंग तिच्यात बसवतो. कोट-टोपीतल्या साहेबाला ती रेघ मानवत नाही.