रीगल : रंगमंच आणि पडदा

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील 'रीगल' हे चित्रपटगृह ३० मार्च २०१७ रोजी बंद झाले, तेव्हा व्यक्त झालेला शोक मुख्यतः चित्रपटरसिकांचा होता. अखेरच्या दिवशी राज कपूर यांचे 'मेरा नाम जोकर' व 'संगम' दाखविण्यात आले. हा शोक खरा होता. पण त्याने वास्तूच्या चरित्राचा उत्तरार्धच तेवढा पाहिला, असे आमचे मत आहे.

सर शोभासिंग यांनी १९३२ साली उभारलेली आणि वॉल्टर साइक्स जॉर्ज या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही वास्तू केवळ पडद्यासाठी नव्हती. तिला रंगमंच होता, बॉक्स होते. नाटक, नृत्य व बोलपट यांनी एकाच छताखाली नांदावे, अशी ती योजना होती. त्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. पुढे बोलपटाच्या रेट्याने आपल्या नाटक मंडळ्यांची उतरती कळा वाढत गेली, आणि महाराष्ट्रात कित्येक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. आपल्याकडे जे दोन प्रतिस्पर्धी ठरले, त्यांना रीगलने शेजारी मानले होते. ही कल्पना मला त्या भव्य इमारतीहूनही मोठी वाटते.

पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या 'पृथ्वी थिएटर्स'चे प्रयोग येथे होत. प्रयोग संपल्यावर दाराशी झोळी पसरून उभे राहण्याचा पृथ्वीराजांचा परिपाठ प्रसिद्धच आहे. नट आणि प्रेक्षक यांच्यातील हे सान्निध्य पडदा देऊ शकत नाही. (राज कपूरही त्याच रंगभूमीवर वाढले, हे निरोपाच्या दिवशी फारसे कोणाला आठवले नसावे.) १९६० मध्ये ती संस्था थांबली, पुढे १९७१ मध्ये कमानी सभागृह उभे राहिले आणि दिल्लीची रंगभूमी मंडी हाऊसच्या परिसरात स्थिरावली.

म्हणून रीगलच्या ऱ्हासाचा सारा दोष बहुपडदा चित्रपटगृहांवर टाकणे मला मान्य नाही. १९९७ मध्ये साकेतचे 'अनुपम' बहुपडदा झाले, आणि शेजारची 'प्लाझा' व 'रिव्होली' पुढे त्याच पीव्हीआर कंपनीकडे गेली, हे खरे. मोठे एकपडदा गृह चालविणे परवडेनासे झाले, हेही खरे. पण रंगमंच जिवंत असता, तर चित्रपटाने पाठ फिरविल्यावर या वास्तूला दुसरा आधार उरला असता. तो आधार फार पूर्वीच सुटला होता आणि त्याबद्दल कोणी हळहळलेही नव्हते.

२०१७ च्याच डिसेंबरात याच इमारतीत मादाम तुसाँ यांच्या नावाचे मेणपुतळ्यांचे संग्रहालय उघडले. नामवंत नटनट्यांच्या निश्चल प्रतिमा पाहावयास तिकीट काढून लोक येऊ लागले. महामारीच्या काळात, २०२० मध्ये, तेही बंद पडले, आणि २०२२ मध्ये ते पुतळे नोएडातील एका मॉलमध्ये गेले.