‘बँडेज, सॉर्ट, अँड हसल’ जालन्यात वाचताना : काय घ्यायचं, काय सोडायचं

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता आरआरसीपुढे सिनॉप्सिस ठेवायचा. अशा वेळी आरोग्यसेवेवर काम करू बघणाऱ्यांच्या वहीत दोन धाटणीची शीर्षकं हमखास दिसतात. एक, ‘108 रुग्णवाहिका सेवेच्या प्रतिसाद वेळेचा अभ्यास : विशेष संदर्भ जालना जिल्हा’. दुसरं, ‘रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास’. दोन्ही शीर्षकं मंजूर होतील. पण दोन्हींमध्ये एक गोष्ट राहून जाते : रुग्णवाहिकेत काम नेमकं काय चालतं?

हा प्रश्न मध्यभागी ठेवणारं पुस्तक म्हणजे जॉश साइम यांचं ‘बँडेज, सॉर्ट, अँड हसल’. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने 2020 साली काढलं. मूळ काम बर्कलीतल्या पीएचडीचं. त्यातला मुख्य युक्तिवाद 2017 साली ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये लेख म्हणून आला होता. लेख आधी वाचा, पुस्तक नंतर. प्रबंधातून पुस्तक कसं घडतं, तेही कळेल.

मला हे पुस्तक आवडतं. पण ते जसंच्या तसं उचलून जालन्यावर ठेवलं तर फसगत होईल असंही वाटतं. दोन्हींची कारणं सांगतो.

आधी पुस्तक काय म्हणतं ते

साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत आधी रुग्णवाहिकेत मागे बसून निरीक्षण केलं. मग स्वतः प्रशिक्षण घेऊन, तिथेच नोकरी धरून ते काम केलं. सोबत हजारो फेऱ्यांच्या नोंदी तपासल्या. म्हणजे एकीकडे आकडे, एकीकडे अंगमेहनत.

त्यांचा दावा असा : रुग्णवाहिका ही गरिबांना ‘हाताळणारी’ एक संस्था आहे, आणि ती कशी चालते हे कळायचं असेल तर तिच्याकडे कामाची जागा म्हणून बघा. शीर्षकातले तीन शब्द म्हणजे पुस्तकाचे तीन भाग. ‘बँडेज’ म्हणजे शरीरावर केलेली वरवरची मलमपट्टी : मूळ दुखणं गरिबीचं, हातात मात्र सलाइन. ‘सॉर्ट’ म्हणजे वाटणी : हा माणूस दवाखान्याचा की पोलिसांचा? इथे रुग्णवाहिकेचे कर्मचारी, इमर्जन्सीतल्या नर्स आणि पोलीस एकमेकांकडे ओझं सरकवत असतात. ‘हसल’ म्हणजे वरून येणारा रेटा : कंपनी आणि प्रशासन कमी गाड्यांत, कमी माणसांत जास्तीत जास्त कॉल काढून घेतात.

आडवे संबंध (नर्स, पोलीस) आणि उभे संबंध (साहेब, कंपनी) ही त्यांची मांडणी साधी आहे आणि ती प्रवास करू शकते. उद्या तुम्ही आशा सेविकांवर, एसटीच्या वाहकांवर किंवा टोलनाक्यावर काम केलंत तरी उपयोगी पडेल.

प्रतिसाद वेळेच्या अभ्यासापेक्षा हे का बरं?

प्रतिसाद वेळ म्हणजे कॉल आल्यापासून गाडी पोचेपर्यंतचा वेळ. हा आकडा मोजायला सोपा आणि ऐकायला निर्विवाद. पण त्यामागचा इतिहास बघा. ‘आठ मिनिटं’ या प्रसिद्ध निकषाला आधार मिळाला तो मुख्यतः 1970च्या दशकात अमेरिकेत हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांतून. हृदय बंद पडणं ही एकच स्थिती. तोच निकष पुढे अपघात, बाळंतपण, विषबाधा, सर्पदंश सगळ्यांना लागला. 2002 साली डेन्व्हरमधल्या जखमींवर पॉन्स आणि मार्कोव्हचिक यांनी तपासलं, तेव्हा आठ मिनिटांच्या आत किंवा बाहेर पोचल्याने जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिथे जिवावरच्या कॉलपैकी 75 टक्के कॉलना आठ मिनिटांत पोचायचं लक्ष्य होतं. ग्विन बेव्हन आणि रिचर्ड हँब्लिन यांनी 2009 साली दाखवलं की काही सेवांच्या नोंदींत आठ मिनिटांच्या अगदी अलीकडे संशयास्पद गर्दी होती आणि रेषा ओलांडली की आकडा धाडकन खाली. गाड्या एकाएकी इतक्या शिस्तीत धावू लागल्या असतील का? की घड्याळाची नोंद ‘दुरुस्त’ झाली? 2017 साली इंग्लंडने ही पद्धतच बदलली.

आपल्याकडे शहरात 20 आणि ग्रामीण भागात 30 मिनिटं असा निकष सांगितला जातो. तो चूक आहे असं नाही. पण ती नोंद कोण करतं, कोणत्या क्षणी करतं, उशीर झाला तर कोणाला बोलणं बसतं, दंड कोणाच्या माथी येतो, हे माहीत नसताना सरासरी काढणं म्हणजे वजनकाटा न तपासता कापूस मोजणं. साइम यांचं पुस्तक नेमकं हेच शिकवतं : आकडा हीसुद्धा कामातून तयार झालेली वस्तू आहे.

आता माझ्या हरकती

पहिली हरकत अंतराची. साइम यांच्याकडे ‘वाटणी’ होते ती दवाखाना आणि पोलीस यांच्यात. जालन्यात ती होते रेफरच्या चिठ्ठीवर. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा स्त्री रुग्णालय, आणि तिथून छत्रपती संभाजीनगरची घाटी. जालना ते घाटी साधारण 60 किलोमीटर. मंठ्याहून निघालेल्या पेशंटला तर शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. इथे ओझं एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे सरकण्याआधी एका गावाहून दुसऱ्या गावाला सरकतं. आणि गाडी घाटीला गेली की तेवढे तास तो तालुका त्या गाडीशिवाय असतो. साइम यांच्या आकृतीत हा रिकामा तालुका कुठेच बसत नाही, कारण त्यांच्या काउंटीत मोठा दवाखाना बहुधा एवढा लांब नसतो. जालन्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. त्याने चिठ्ठ्यांची दिशा बदलते का, हा आजचा ताजा आणि अजून कोणाच्या नावावर न लागलेला प्रश्न आहे.

एक छोटा हिशेब करू. जानेवारी 2014 मध्ये राज्यात 108 सेवा सुरू झाली तेव्हा 937 रुग्णवाहिका होत्या : 233 प्रगत आणि 704 मूलभूत जीवनरक्षण सुविधेच्या. 2011च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. म्हणजे साधारण 1 लाख 20 हजार लोकांमागे एक गाडी. जालन्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार, म्हणजे या प्रमाणात 16 गाड्या. क्षेत्रफळ 7,700 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका गाडीमागे 480 चौरस किलोमीटर. लक्षात घ्या, हा निव्वळ भागाकार आहे, प्रत्यक्ष गाड्यांची मोजणी नाही. पण त्यातून कळतं की लोकसंख्येवर वाटप केलं की विरळ वस्तीच्या जिल्ह्याला अंतराचा फटका बसतो. सिनॉप्सिसमध्ये असा भागाकार मांडायला हरकत नाही, फक्त तो ‘निष्कर्ष’ म्हणून खपवू नका.

दुसरी हरकत जास्त मोठी आहे. रुग्णवाहिकेत बसून केलेला कोणताही अभ्यास कॉल आल्यानंतर सुरू होतो. ज्यांनी फोनच केला नाही ते त्या अभ्यासात नसतात. साइम यांच्या काउंटीत गरीब माणूस रुग्णवाहिकेला पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून ‘गरिबांवर राज्य कसं चालतं’ हे तिथे दिसतं. जालन्यात मात्र कितीतरी पेशंट काळीपिवळीत, रिक्षात, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये, दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर दवाखान्यात येतात. मंठा, घनसावंगी, अंबडकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्यातली एखादी बाई फडावर अडली तर ती जालन्याच्या कोणत्याही नोंदीत येणार नाही. तिथे राज्याच्या हाताळणीचा प्रश्न येत नाही, प्रश्न येतो त्याच्या गैरहजेरीचा.

यासाठी जुना पण अजून कामाचा आधार म्हणजे सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांचा 1994 सालचा मातामृत्यूंवरचा लेख. त्यांनी उशिराचे तीन टप्पे केले : मदत घ्यायचं ठरवण्यात, दवाखान्यात पोचण्यात, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात. प्रतिसाद वेळ यातल्या फक्त दुसऱ्या टप्प्याचा एक तुकडा मोजते. साइम यांचं पुस्तकही बरंचसं दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर उभं आहे. पहिल्या टप्प्यासाठी तुम्हाला गाडीतून उतरून गावात जावं लागेल.

तिसरी हरकत ‘क्रू’ या शब्दाला. साइम यांच्याकडे गाडीवर पॅरामेडिक आणि त्याच्या खालच्या दर्जाचा तंत्रज्ञ असतो. त्या दोघांमधला फरक ते नोंदवतात, पण एकूण मांडणीत दोघे एकाच बाजूचे कामगार ठरतात. महाराष्ट्राच्या 108 सेवेचं वेगळेपण म्हणजे गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. पुढे असतो चालक, ज्याला सेवेच्या भाषेत पायलट म्हणतात. सेवा चालवायला दिलेली खासगी संस्थेला, कॉल घेणारं केंद्र पुण्यात औंधला. शेजारी आहे 102 ची गाडी, गरोदर माता आणि बाळांसाठी, तिचं प्रशासन वेगळं. डॉक्टर आणि पायलट एकाच गाडीत बारा-बारा तास काढत असतील, पण दोघांची नोकरी, पगार, पुढची वाट, घरची शेती, जात, गावातला मान सारखा असेल असं गृहीत धरता येत नाही. डॉक्टरसाठी ही नोकरी पुढच्या दवाखान्याआधीचा थांबा आहे का? आणि पायलटसाठी? अपघाताच्या जागी जमाव चिडला तर शिव्या कोण खातं? ‘कर्मचारी’ असा एकच रकाना करून कार्यसमाधानाची प्रश्नावली वाटली तर यातलं काहीच हाती लागणार नाही. त्यातून प्रश्नावली व्यवस्थापकाच्या परवानगीने, त्याच्याच समोर भरून घेतली असेल, तर ‘पूर्णतः सहमत’वरच्या टिकमार्कना अर्थ किती?

नाव लपवण्याचं काय?

साइम यांनी काउंटीला ‘अ‍ॅगोनिया’ असं टोपणनाव दिलंय. मला हे खटकतं. वेदना हा निष्कर्ष नावातच घालून ठेवला तर वाचकाला वेगळं काही दिसायची वाट बंद होते. टोपणनाव निर्विकार असावं.

पण त्यांचं टोपणनाव निदान काम तरी करतं, कारण मोठ्या काउंटीत कर्मचारी शेकडो असतात. जालन्यात आठ तालुके. एखाद्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गाड्या. तुम्ही प्रबंधात लिहिलंत, ‘जाफराबाद तालुक्यातील एका महिला डॉक्टरने सांगितले’, तर नाव न घेताही ती कोण हे तिच्या साहेबाला दोन मिनिटांत कळेल. ती कंत्राटावर आहे. तिने तुम्हाला नोंदींबद्दल, सुट्ट्यांबद्दल, बिघडलेल्या ऑक्सिजनबद्दल खरं सांगितलं असेल, तर तुमच्या पीएचडीची किंमत तिची नोकरी असू शकते. अशा ठिकाणी तालुका लिहायचा नाही, दोन-तीन जिल्हे एकत्र धरायचे, लिंग आणि पदवी एकाच वाक्यात आणायची नाही. यामुळे ‘विशेष संदर्भ जालना जिल्हा’ हे शीर्षक कदाचित सोडावं लागेल. आरआरसी हरकत घेईल, तेव्हा हेच कारण सांगा. ते पटण्यासारखं आहे.

पेशंटचा प्रश्न आणखी अवघड. ‘समृद्धी’वरच्या अपघातात बेशुद्ध पडलेला माणूस संमती कशी देणार? साइम यांच्यासारखं गाडीत बसायची परवानगी मिळाली तरी ती संस्थेने दिलेली असते, त्या माणसाने नव्हे. माझं मत असं की आपल्या पातळीवर सुरुवात गाडीत न बसता करावी : ड्यूटी संपल्यावरच्या लांब मुलाखती, रेफरच्या नोंदवह्या, आणि कॅज्युअल्टीच्या दारात कोण कोणत्या वाहनाने आलं याची साधी मोजणी. ही मोजणी कोणाचं नाव न विचारता करता येते, आणि 108 च्या कोणत्याही डॅशबोर्डवर ती सापडणार नाही.

मग घ्यायचं काय?

साइम यांच्याकडून प्रश्न विचारायची पद्धत घ्या : काम कोण करतं, ओझं कोणावर सरकतं, रेटा कुठून येतो. ‘गरिबांवरचं शासन’ हा निष्कर्ष तिथेच ठेवा. त्यांचे कर्मचारी कॉलची ‘खरा’ आणि ‘फालतू’ अशी वर्गवारी करतात. तो तक्ता भाषांतर करून मुलाखतीत नेऊ नका. इथले डॉक्टर आणि पायलट आपापसात कोणते शब्द वापरतात ते आधी ऐका. कदाचित त्यांची वर्गवारी ‘जवळचा’ आणि ‘घाटीचा’ अशी निघेल, कदाचित तिसरीच.

सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिल्या पानावर हे एक वाक्य पूर्ण करून बघा : ‘माझ्या अभ्यासात जो दिसणार नाही, तो माणूस म्हणजे…’ ते जमलं नाही, तर विषय अजून ठरलेला नाही असं समजा.