विजेत्याचं लक्षण : क्रीडा मानसशास्त्रातल्या व्यक्तिमत्त्व-सिद्धांतांची तपासणी

क्रीडा मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे जे सिद्धांत शिकवले जातात, ते आज आपल्याला तपासायचे आहेत. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, मैदानावरचा घाम आमच्या वाट्याला फारसा आलेला नाही. पण एखादं विधान कोणत्या प्रमाणावर उभं आहे, हे विचारण्याचा अधिकार आमच्या शास्त्राला आहे. इथे तो वापरायला हवा, कारण या सिद्धांतांवर बेतलेल्या प्रश्नावल्या आता सहज मिळतात. बारा वर्षांच्या मुलाकडून अशी एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि 'याच्यात स्पर्धेचा पिंड नाही' असं त्याच्या आईवडिलांना सांगायचं, हे अगदी सोपं झालं आहे. असा निकाल द्यायचा तर पुरावा भक्कम लागतो. तो आहे का, ते बघू.

सुरुवात गुणविशेषांच्या सिद्धांतापासून करू. माणसात काही टिकाऊ गुणविशेष असतात, ते मोजता येतात आणि त्यांवरून वागणुकीचा अंदाज करता येतो, हे त्याचं म्हणणं. रेमंड कॅटेलने १९४९ मध्ये सोळा घटकांची प्रश्नावली दिली. हान्स आयझेंकने अंतर्मुख-बहिर्मुख आणि भावनिक स्थैर्य-अस्थैर्य हे अक्ष मांडले. ही साधनं खेळासाठी बनवलेली नव्हती, खेळाच्या अभ्यासकांनी ती उसनी घेतली. पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको यांनी खास खेळाडूंसाठी १९० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात अकरा गुण मोजले जात. जिद्द, आक्रमकता, आत्मविश्वास, मानसिक कणखरपणा वगैरे. त्यातला एक गुण मोठा मासलेवाईक आहे, तो म्हणजे प्रशिक्षकाचं ऐकून घेण्याची तयारी! आता बघा, हा खेळाडूचा स्वभाव झाला की प्रशिक्षकाची सोय? याच दोघांच्या १९६६ च्या पुस्तकाचं नावच मुळी 'अडचणीचे खेळाडू आणि त्यांना कसं हाताळावं' अशा अर्थाचं आहे. अडचण खेळाडूत आहे, हे पुस्तक उघडण्याआधीच ठरलेलं!

आपल्या न्यायशास्त्रात लक्षण तपासायची एक जुनी पद्धत आहे. गाईचं लक्षण 'शिंगं असणं' असं केलं, तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंग' असं केलं, तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. विजेत्याची लक्षणं या कसोटीला लावून पाहू. 'आत्मविश्वास' म्हणाल, तर पहिल्याच फेरीत गारद झालेल्या कितीतरी जणांकडे तो भरपूर असतो. झाली अतिव्याप्ती. 'बहिर्मुखता' म्हणाल, तर मितभाषी, एकलकोंडे विजेते बाहेर राहतात. झाली अव्याप्ती. सगळ्या विजेत्यांना लागू पडेल आणि दुसऱ्या कुणालाच लागू पडणार नाही, असं एकही गुणविशेषांचं लक्षण इतक्या वर्षांत हाती लागलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, 'सर, शास्त्राला व्याख्या नको असते, संभाव्यता पुरते.' मान्य. मग आकडे बघू. विल्यम मॉर्गन यांनी मनःस्थिती मोजणारी एक चाचणी वापरून यशस्वी खेळाडूंचा आलेख काढला. ताण, खिन्नता, राग, थकवा आणि गोंधळ सरासरीच्या खाली, उत्साह तेवढा वर. आलेख पाण्याबाहेर टोक काढलेल्या हिमनगासारखा दिसतो, म्हणून त्याला हिमनगाचा आलेख म्हणतात. चित्र देखणं आहे, पाठ्यपुस्तकांत चटकन रुळलं. पण १९९५ मध्ये या विषयावरचे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा यशस्वी आणि कमी यशस्वी खेळाडूंमधल्या फरकाचा एक टक्कासुद्धा भाग या आलेखाने उलगडत नाही, असं दिसलं. शिवाय उत्साह होता म्हणून जिंकला, की जिंकत आला म्हणून उत्साह आहे? आलेखाला हे सांगता येत नाही.

गुणविशेषांवर मोठा घाव घातला तो वॉल्टर मिशेलने, १९६८ मध्ये. प्रश्नावलीतला गुण आणि प्रत्यक्ष प्रसंगातली वागणूक यांतला सहसंबंध साधारण ०.३० च्या आसपासच घुटमळतो, असं त्याने दाखवलं. ०.३० चा वर्ग ०.०९. म्हणजे वागणुकीतल्या फरकांपैकी शंभरातले नऊ भाग समजले, एक्क्याण्णव उरले.

आता एक खेळाडू घेऊ. अभिनव बिंद्रा. २००४ मध्ये अथेन्सला दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत सातवा. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. २०१२ मध्ये लंडनला अंतिम फेरीच हुकली. २०१६ मध्ये रिओला चौथा. माणूस तोच, प्रकार तोच. टिकाऊ गुणाने बीजिंग समजत असेल, तर त्याच गुणाने लंडनही समजायला हवं. 'बीजिंगला तो मानसिकदृष्ट्या अधिक कणखर होता' असं कुणी म्हणालं, की आम्ही विचारणार, कशावरून? सुवर्ण जिंकलं यावरून. आणि सुवर्ण का जिंकलं? कणखर होता म्हणून. याला नैयायिक अन्योन्याश्रय म्हणतात. निकाल लागल्यावर त्याला नाव दिलं, आणि तेच नाव कारण म्हणून पुढे केलं.

म्हणजे गुणविशेष खोटे का? नाही, तसं आम्ही म्हणत नाही. एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांची सरासरी घेतली, तर गुणविशेष बऱ्यापैकी बोलतात. वर्षभर पहाटे सरावाला कोण येईल, याचा अंदाज शिस्तशीरपणावरून थोडाफार बांधता येतो. रविवारच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत काय होईल, याचा येत नाही. कुर्ट लेविनने १९३६ मध्येच सांगितलं होतं, की वागणूक ही व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंवर मिळून ठरते. खेळाच्या अभ्यासात हे धोरण शहाणपणाने वापरलं ते रेनर मार्टेन्स यांनी. 'तू एरवी किती घाबरतोस' हे सोडून 'स्पर्धेत तुला किती भीती वाटते' असं विचारणारी चाचणी त्यांनी १९७७ मध्ये पुढे आणली. प्रश्न लहान केला, म्हणून उत्तराला वजन आलं. आपल्याकडे सांख्यांनीही माणसांचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन कप्पे केलेले नाहीत. तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि सतत एकमेकांवर कुरघोडी करत राहतात, असं ते सांगतात. कप्पे आपण केले.

शेवटी पुन्हा त्या बारा वर्षांच्या मुलाकडे येऊ. ओगिल्वी आणि टुटको यांनीच १९७१ च्या एका लेखात म्हटलं, की खेळामुळे चारित्र्य घडतं याला पुरावा दिसत नाही. वर पोचलेल्यांत दिसणारे गुण हे बरेचसे कठोर निवडीतून आलेले असतात. म्हणजे चाळणीवर जे उरलं, त्याचे गुण आपण मोजले. आता त्याच मापाची दुसरी चाळणी करून मुलांना लावायची? पहिल्या चाळणीत काय चुकीचं गळून गेलं, हे कुणी तपासलं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. त्यामागे रेल्वेतली तिकीट तपासनीसाची नोकरी होती, दीपाली देशपांडे यांच्यासारख्या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षक होत्या, आणि वर्षानुवर्षांचा सराव होता. यातलं काय कुठल्या प्रश्नावलीत मावतं?

तेव्हा पालकांना आणि प्रशिक्षकांना आमचं एवढंच सांगणं आहे. चाचणी घ्यायला हरकत नाही, पण ती मुलाशी बोलायला सुरुवात म्हणून घ्या. तिच्या आधारावर कुणी मुलाला नाकारलं, तर दोन प्रश्न विचारा. या चाचणीने पूर्वी ज्यांना नाकारलं, त्यांचं पुढे काय झालं? आणि तुम्ही मोजलेला गुण परिस्थिती बदलल्यावरही तसाच राहतो का? उत्तर मिळालं नाही, तर मुलाला उद्याही मैदानावर पाठवा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.