हायकू : तीन ओळी आणि मधली जागा

तीन ओळींची कविता आता आपल्या काव्यमैफलींना नवी राहिलेली नाही. मात्र तिच्यातली पुष्कळशी रचना हायकू म्हणून वाचली जाते ती केवळ ओळी तीन असल्यामुळे. आखूडपणा हे हायकूचे लक्षण खरे; पण ते त्याचे मर्म नव्हे, असे आम्हांस वाटते.

जपानमध्ये ‘रेंगा’ या साखळीकाव्याचे पहिले कडवे हळूहळू स्वतंत्र झाले. बाशोने (१६४४–१६९४) त्याला गांभीर्य दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने ‘हायकू’ हे नाव रूढ केले. पाच-सात-पाच हे गणित सर्वांना ठाऊक असते. पण जपानी मोजणी आपल्या अक्षरांची नव्हे. ‘टोकियो’ आपल्याला तीन अक्षरी. जपानी कानाला ते चार मात्रांचे. म्हणून मराठीत सतरा अक्षरे काटेकोर मोजून हायकू साधतोच असे नाही. त्याहून महत्त्वाच्या गोष्टी दोन : ऋतू सुचवणारा शब्द आणि दोन चित्रांमधला छेद.

शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी १९७०च्या दशकात हायकू मराठीत रुजवला, तेव्हा अक्षरगणनेचा हट्ट न धरता तीन ओळी ठेवल्या आणि त्यांतल्या दोहोंना यमक दिले. मूळ जपानी हायकूत यमक नाही. ओवी-अभंगावर वाढलेल्या मराठी कानाला या यमकाने आधार मिळाला. त्याचा धोकाही आहे. यमक जुळले की कविता मिटते, आणि शेवटची ओळ चारोळीप्रमाणे टाळीची वाट पाहू लागते. चारोळीला तो समारोप शोभतो. हायकूला दार उघडे लागते.

उदाहरणादाखल आम्हीच जुळवलेल्या या ओळी पाहाव्यात :

पाऊस येतो,
आजोबा आठवतात,
डोळे भरतात.

येथे सांगायचे ते सर्व सांगून झाले. वाचकाला काम उरले नाही. आता हाच अनुभव असा मांडू :

मिरगाचा पाऊस;
खुंटीवर कोरडी
आजोबांची छत्री.

आजोबा नाहीत, हे कुठेच म्हटलेले नाही. ‘कोरडी’ हा एक शब्द ते सांगतो. पहिल्या ओळीनंतरच्या विरामात वाचक शिरतो आणि दुःख स्वतः शोधून काढतो. हीच ती मधली जागा.

ही जागा आपल्याला परकी नाही. जात्यावरच्या ओवीत पहिल्या अर्ध्यात झाड, वाट, बैल असे डोळ्यांपुढचे काही येते आणि पुढे ओवी एकदम भावाकडे, माहेराकडे वळते. त्या वळणावर अर्थ असतो. फरक एवढाच, की ओवी नाते उच्चारते आणि हायकू ते गिळतो. सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे ज्या घरांत पाठ होती, त्या घरांना थोडक्या शब्दांचे वजन शिकवावे लागू नये.

प्रश्न आहे तो ऋतुशब्दाचा. जपानी कवींनी अशा शब्दांचे कोशच केले आहेत. आपल्याकडे मिरग आहे, पहिल्या सरींबरोबर उगवणारा तायकिळा आहे, माटोळीतले कवंडाळ आहे, सरद आणि वायंगण आहे, काजूच्या बोंडांचा वास आहे. तरीही आपले कवी पुस्तकी शिशिरातल्या पानगळीकडे धावतात. चेरीचा बहर उसना घेण्याचे कारण काय?

ऋतुशब्द जगतो तो वाचकाच्या अनुभवावर. वायंगणाची शेते पडीक राहिली, डिचोलीचे डोंगर खाणींनी खोदले गेले, मोपाच्या सड्यावर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या बदलांच्या बऱ्यावाइटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण नातवंडांना ‘वायंगण’ म्हणजे काय हे तळटीप देऊन सांगावे लागले, तर तो शब्द हायकूच्या कामाचा राहणार नाही. दीर्घ कविता स्वतःचे जग उभे करू शकते. हायकूला वाचकाच्या मनात ते आधीच असावे लागते.

म्हणून नव्या कवींना आमचे सुचवणे एवढेच : अक्षरे मोजण्यापूर्वी आपल्या परसातला महिना ओळखावा, आणि लिहून झाल्यावर भावना सांगणारी ओळ खोडून पाहावी. ती खोडल्यावर कविता उभी राहिली, तर तो हायकू.