बाण आणि नावे : विमानावरील अँटेनांच्या एका तक्त्याविषयी

लहान खासगी विमानाच्या अंगावर जागोजागी ज्या काड्या, पाती आणि उंचवटे दिसतात, त्यांतले कोणते कशाचे अँटेना आहेत हे सांगणारे तक्ते विमानविद्येच्या पुस्तकांत बरेच आढळतात. घडण बहुधा ठरलेली असते. मधोमध सेस्ना १७२ चे चित्र, भोवती दहाबारा बाण आणि प्रत्येक बाणाच्या टोकाशी एक नाव. असाच एक तक्ता आम्ही परीक्षणासाठी समोर ठेवला आहे. विमानाची निवड उत्तम आहे, हे प्रथम सांगून टाकू. १९५६ साली बाजारात आलेले हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. आपल्याकडच्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांतही ते परिचयाचे आहे. चित्र वरून, खालून आणि बाजूने असे तिन्ही बाजूंनी काढले आहे, रेषा स्वच्छ आहेत, प्रमाणही बरे साधले आहे. तरीसुद्धा हा तक्ता वर्गात जसाच्या तसा लावू नये, असे आमचे मत आहे.

पहिली तक्रार अशी की तक्त्यात नावे आहेत, पण मापे नाहीत. अँटेनाच्या बाबतीत माप हेच मुख्य. रेडिओ तरंगाची तरंगलांबी काढणे आठवी-नववीच्या मुलालाही जमते. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. धातूच्या पृष्ठभागावर उभी केलेली साधी काडी या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढी असली की उत्तम काम करते. उरलेला अर्धा भाग तो पृष्ठभागच आरशासारखा पुरवतो. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. मधला आकडा १२७ घेतला तर तरंगलांबी २ मीटर ३६ सेंटिमीटर, आणि तिचा चौथा हिस्सा ५९ सेंटिमीटर. आता विमानाची लांबी पाहा. सेस्ना १७२ सुमारे ८.२८ मीटर लांब आहे, म्हणजे या काडीच्या चौदापट. विमानाचे बाजूने घेतलेले छायाचित्र चौदा सेंटिमीटर लांब असेल तर छतावरची ती मागे झुकलेली काडी त्यात साधारण एक सेंटिमीटरची दिसली पाहिजे. पट्टी लावा आणि पाहा. बहुतेक विमानांवर अशा दोन काड्या असतात, कारण बोलण्याचे संचही दोन असतात. तक्त्यात त्यांना ‘संभाषण १’ आणि ‘संभाषण २’ अशी नावे देऊन विषय संपवला आहे.

शेपटीच्या उभ्या पंखाच्या माथ्यावर मिशांसारख्या दोन आडव्या काड्या असतात. तक्ता त्यांना ‘व्हीओआर’ म्हणतो. जमिनीवरच्या दिशादर्शक केंद्रांचे संदेश घेणारा हा अँटेना. त्याचा पट्टा १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ, म्हणजे संभाषणाच्या अगदी शेजारचा, आणि म्हणून काड्यांची लांबीही जवळपास तेवढीच. मग एक उभी आणि दुसरी आडवी का? हा प्रश्न चित्र पाहताच एखादा विद्यार्थी विचारील, आणि तक्ता गप्प राहील. उत्तर तरंगांच्या ध्रुवीकरणात आहे. संभाषणाच्या तरंगांचे विद्युत् क्षेत्र उभे डोलते, व्हीओआरचे आडवे. काडी क्षेत्राच्या दिशेत असली तरच तिच्यात पुरेसा प्रवाह निर्माण होतो. आपल्या घरांवरच्या जुन्या दूरदर्शन अँटेनांच्या काड्या आडव्या असत, त्याचे कारणही हेच. सरळ आडव्या काडीला तिच्या दोन्ही टोकांच्या दिशेने येणारे तरंग मात्र नीट ऐकू येत नाहीत. विमान तर कोणत्याही दिशेला तोंड करून उडणार. म्हणून काड्या व्ही आकारात वाकवल्या की हा बहिरेपणा बराच कमी होतो. उतरताना उताराचा कोन दाखवणारा संदेश ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे ११० च्या तिप्पट. त्यामुळे पुष्कळदा याच मिशा तेही काम करतात. तक्त्यात त्यासाठी वेगळा बाण नाही, आणि वेगळा अँटेना दिसत नसताना तो का नाही याचा खुलासाही नाही.

विमानाच्या पोटाखाली नजर टाकली की तक्त्याचा दुसरा दोष दिसतो. तिथे माशाच्या परासारखी दोन लहान पाती आहेत. एकाला ‘ट्रान्सपाँडर’ आणि दुसऱ्याला ‘डीएमई’ म्हटले आहे. पहिला रडारच्या विचारणेला १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, दुसरा केंद्रापासूनचे अंतर मोजतो. दोघांचे पट्टे जवळजवळ एकच, म्हणून पातीही जुळ्या भावंडांसारखी, सुमारे सात सेंटिमीटरची. बाहेरून बघून कोणते कोणाचे हे सांगता येत नाही. विमानाचा तंत्रज्ञसुद्धा आतल्या केबलचा माग काढूनच सांगेल. पण तक्त्यातला बाण निःशंक आहे. ‘बाहेरून ओळखता येत नाही’ ही देखील माहितीच आहे, आणि शिक्षकाने ती निःसंकोच द्यावी.

पोटाखालीच होडीच्या आकाराचा एक छोटा उंचवटा असतो, मार्कर बीकनचा. त्याची वारंवारता ७५ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी चार मीटर. आपल्या हिशेबाने तिथे मीटरभर काडी हवी. प्रत्यक्षात अँटेना फारच आखूड असतो. नियम मोडला का? नाही. धावपट्टीच्या वाटेवरचे ते केंद्र आपला झोत सरळ वर सोडते आणि विमान त्याच्या डोक्यावरून जाताना काही क्षण ते ऐकू आले की पुरे. इतक्या जवळून येणाऱ्या संदेशाला तोकडा कानही चालतो.

नियम खरा ताणला जातो तो एडीएफ या यंत्रात. हे यंत्र साधारण १९० ते १७५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातले, म्हणजे मध्यमलहरींच्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या केंद्रांची दिशा दाखवते. ५०० किलोहर्ट्झची तरंगलांबी ६०० मीटर. चौथा हिस्सा १५० मीटर! विमानाचे दोन्ही पंख मिळून जेमतेम अकरा मीटर भरतात. तेव्हा चौथ्या हिश्शाचा नाद सोडावाच लागतो. जुन्या सेस्नांवर शेपटीच्या शेंड्यापासून केबिनच्या छतापर्यंत ताणलेली तार दिसते, ती या यंत्राचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे पोटाखालच्या चपट्या डबीतले वेटोळे. वेटोळे तरंगाचे चुंबकीय अंग पकडते, आणि त्याच्या एका विशिष्ट स्थितीत आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ती स्थिती सापडली की केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते कळते. मात्र रेषेला दोन टोके असतात. केंद्र पुढे आहे की मागे, हे वेटोळे एकटे सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी ताणलेली तार लागते. म्हणजे दोन अगदी वेगळ्या आकारांचे अवयव मिळून एकच प्रश्न सोडवत असतात, आणि आमच्या तक्त्याने त्यांना दोन स्वतंत्र बाण देऊन त्यांची ताटातूट केली आहे! नंतरच्या विमानांत दोन्ही एकाच डबीत आले आणि तार दिसेनाशी झाली. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी अशा विमानावर एडीएफ नाहीच, असे सांगून मोकळा होईल.

हा भाग वर्गात दाखवणे फार सोपे आहे. मध्यमलहरींचे केंद्र जिथे नीट ऐकू येते अशा गावी साधा ट्रान्झिस्टर मैदानात न्यावा आणि आडवा धरून हळूहळू फिरवावा. आतल्या फेराइटच्या कांडीचे टोक केंद्राकडे झाले की आवाज खाली जातो. संच अर्धा फेरा वळवला की पुन्हा जातो. दोन दिशा मिळाल्या, खरी कोणती? मुलांना इथे थांबवावे आणि थोडे अडू द्यावे. (इमारतीत हा प्रयोग करू नये. लोखंडी सळयांमुळे दिशा फसव्या येतात.)

तक्त्यावर वर्ष छापलेले नाही, पण अँटेनाच ते सांगतात. छतावर जीपीएसची चपटी वडी आहे आणि तिच्याशेजारी ‘लोरान-सी’ही आहे. लोरान-सी ही १०० किलोहर्ट्झवर चालणारी जमिनीवरची मार्गदर्शन पद्धत. अमेरिकेने तिचे प्रक्षेपण फेब्रुवारी २०१० मध्ये बंद केले. त्यामुळे तक्ता त्याआधीचा, हे उघड आहे. जुना म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. उलट जुन्या विमानांवर बंद पडलेल्या यंत्रांचे अँटेना तसेच राहून गेलेले असतात, आणि लोरानची काडी संभाषणाच्या काडीसारखीच दिसत असल्याने हा जुना बाण कधीकधी उपयोगीही पडेल. जीपीएसची वडी नेहमी वरच का, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगावे. ट्रान्सपाँडर पोटाखाली असण्याच्या कारणाची ही उलट बाजू आहे.

जे अँटेना नाहीत, त्यांच्याबद्दल तक्ता काहीच बोलत नाही. डाव्या पंखाखालची पिटो नळी हवेचा दाब घेऊन वेग मोजते. पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडांवर पेन्सिलीएवढ्या काड्या लोंबतात. नवखा माणूस त्यांनाच हमखास अँटेना समजतो. पाऊस आणि धूळ यांच्या घर्षणाने विमानावर साचलेला विद्युत् भार त्या हळूहळू हवेत सोडून देतात, आणि तो सोडावा लागतो तो मुख्यतः रेडिओतली खरखर टाळण्यासाठी. अँटेना नसून अँटेनांच्याच सेवेत असलेल्या या काड्यांना एखादा बाण मिळायला हवा होता.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. शेपटीच्या उभ्या पंखापुढे एक साधी काडी आहे. तक्ता म्हणतो, ‘ईएलटी, १२१.५’. हा आणीबाणीचा प्रक्षेपक. विमान आदळले की आघाताने तो आपोआप सुरू व्हावा, अशी योजना असते. तो मागच्या बाजूला बसवतात, कारण अपघातात विमानाचा पुढचा भाग चुरडला तरी शेपटी टिकण्याची शक्यता अधिक. इथवर तक्ता बरोबर आहे. पण कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झ ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. या व्यवस्थेत भारतही सहभागी आहे. तेव्हापासून उपग्रह ऐकतात ते फक्त ४०६ मेगाहर्ट्झवरचे संदेश. त्यांत प्रक्षेपकाची ओळखही सांकेतिक आकड्यांत असते, त्यामुळे विमान कोणाचे हे लगेच कळू शकते. १२१.५ आता उरला तो शोधपथकाला अखेरच्या टप्प्यात जवळ नेण्यापुरता. छतावरची काडी मात्र दोन्ही पिढ्यांची सारखीच दिसू शकते. म्हणजे बाण अचूक, नाव अचूक, आणि तरी ज्या प्रश्नावर माणसाचा जीव अवलंबून आहे त्याचे उत्तर त्यात नाही.

हे केवळ पुस्तकी आक्षेप नाहीत. ३ सप्टेंबर २००७ रोजी स्टीव्ह फॉसेट हे विख्यात साहसी वैमानिक नेवाडातून एका लहान विमानाने एकटेच निघाले आणि परतले नाहीत. त्यांच्या विमानात जुन्या पद्धतीचा, १२१.५ चा प्रक्षेपक होता. त्याचा संदेश कोणालाही मिळाला नाही. फार मोठा शोध घेऊनही विमानाचा पत्ता लागला नाही. अवशेष सापडले ते सुमारे तेरा महिन्यांनी, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत. आघात इतका जबर होता की संदेश मिळता तरी वैमानिक वाचता ना. पण शोधणाऱ्यांचे ते तेरा महिने वाचले असते. प्रक्षेपक असणे, तो चालणे, त्याची केबल शाबूत राहणे, काडी आकाशाकडे मोकळी राहणे आणि वर कोणीतरी ऐकत असणे, या पाच गोष्टी झाल्या. तक्त्यातला बाण यांतली फार तर पहिली सांगतो. विमान उलटून पडले तर काडी विमानाखाली चिरडते, हे तर चित्र उलटे धरले की मुलांना दिसेल.

शेवटी एक मर्यादा, जी तक्ता करणाऱ्याच्या हाती नव्हती. सेस्ना १७२ अॅल्युमिनियमचे आहे, म्हणून तिचे अँटेना बाहेर आहेत. काचतंतूंच्या कवचातून रेडिओ तरंग आरपार जातात. अशा विमानांत तांब्याच्या पट्ट्या कवचाच्या आतच बसवता येतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कार्बनतंतूंचे कवच मात्र तरंग अडवते. बेंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने घडवलेले दोन आसनी ‘हंस’ हे तंतुमिश्र पदार्थांचे विमान आहे. त्याच्या चित्रापुढे हा तक्ता धरला तर तो कितपत लागू पडतो, हा वरच्या वर्गासाठी चांगला गृहपाठ होईल.

ज्या शाळेत असा तक्ता आधीच आहे, तिथे तो उतरवण्याचे कारण नाही. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि प्रत्येक पट्टीवर मुलांकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : अंदाजे लांबी, काडी उभी की आडवी, आणि तोंड आकाशाकडे की जमिनीकडे. मग पट्ट्या काढाव्यात. ट्रान्सपाँडर आणि डीएमई यांच्या पट्ट्यांवरचा मजकूर सारखाच आला, तर पूर्ण गुण द्यावेत.